उभं राहिल्याबद्दल

बास्केटबॉलमध्ये खांदा मारायचा नाही, धरायचं नाही, ढकलायचं नाही, पाय घालायचा नाही, हे जेम्स नेस्मिथ यांनी १८९१ सालीच तेरा नियमांत लिहून ठेवलं. माझ्या बरगड्यांपर्यंत ही बातमी अजून पोचलेली नाही.

नियमाप्रमाणे प्रत्येक खेळाडूभोवती एक काल्पनिक सिलिंडर असतो. त्यात सरळ वर उडी मारली, तर वरची हवाही तुमच्याच मालकीची. मालकीबद्दल तक्रार नाही. पण तिचा सातबारा कुठेच नसतो आणि तलाठी शिटी तोंडात धरून भलतीकडे बघत असतो.

धडक झालीच, तर बचाव करणारा आधीपासून दोन्ही पाय रोवून समोर तोंड करून उभा होता का, हे डोळ्याचं पातं लवायच्या आत ठरवायचं. फिबा या आंतरराष्ट्रीय महासंघाने बास्केटखाली १.२५ मीटर त्रिज्येचं अर्धवर्तुळ आखायला लावलंय. त्याच्या आत उभं राहून धडकेचा फाउल मागता येत नाही. आमच्या ग्राउंडवरचं अर्धवर्तुळ मागच्या पावसाळ्यात धुऊन गेलं. तेव्हापासून सगळे आपापलं घेऊन फिरतात.

हातावर फटका बसला तर? एनबीए या अमेरिकेतल्या लीगच्या नियमात चेंडूवरचा हात हा चेंडूचाच भाग. एनबीएमधली एवढी एकच गोष्ट आमच्याकडे काटेकोर पाळतात. माझी करंगळी चेंडूचा भाग म्हणून सुजली आहे.

शिवाय धक्का लागला म्हणजे फाउल झाला, असंही नाही. धक्क्याने समोरच्याचं काही बिघडलं का, ते रेफरीने बघायचं. माझं घोडं पेंड खातं ते इथे. मी कोपर खातो, भेलकांडतो, सावरतो. सावरलो, म्हणजे बिघडलं काय? आमच्यातले एक गृहस्थ मात्र वारा लागताच ‘आई गं’ म्हणून आडवे होतात आणि उठून शांतपणे दोन फ्री थ्रो टाकतात. अशा नटांना एनबीएने २०१२ मध्ये पहिल्यांदा ताकीद, दुसऱ्यांदा पाच हजार डॉलर असा दंड लावला. २०२३ च्या हंगामापासून तर सामन्यातच टेक्निकल फाउल. आमच्याकडे त्यांना पाणी आणून देतात. मीच आणतो.

तिकडे एनबीएमध्ये २०१५ पासून चुरशीच्या सामन्यातल्या शेवटच्या दोन मिनिटांचे निर्णय बरोबर होते की चूक, हे दुसऱ्या दिवशी जाहीर होतं. निकाल बदलत नाही, पण माणसाला बरं वाटतं. मी आमच्या रेफरीकाकांकडे तेवढंच मागितलं.

“अरे, उद्या सोमवार,” ते म्हणाले.