वाघाची साप्ताहिक सुटी

नोकरदार माणूस साहेबाच्या मागे लागून चार दिवसांची रजा काढतो, बायकोमुलांना घेऊन नागपूरमार्गे ताडोबा व्याघ्रप्रकल्पाच्या मोहर्ली गेटवर पोचतो आणि मग त्याला कळतं की आज मंगळवार आहे, आज ताडोबा बंद. म्हणजे ज्याला पाहायला रजा काढली तोच साप्ताहिक सुटीवर. पावसाळ्यात तर ताडोबाचा गाभा 1 जुलैपासून 30 सप्टेंबरपर्यंत बंदच असतो. 1 ऑक्टोबरला गेट उघडतं, पहिल्या जिप्सीला कुणीतरी हार घालतं, गाईड नवा गणवेश घालून उभा राहतो. तीन महिन्यांची सलग रजा आणि वर आठवड्याची सुटी या अटी महाराष्ट्रात दुसऱ्या कुठल्या हुद्द्याला असतील असं वाटत नाही. चंद्रपूर आणि गडचिरोली हे दोन जिल्हे शरदात पाहून आलेल्या कुणालाही एक गोष्ट मान्य करावी लागते: इथले रजेचे नियम जनावरांसाठी केलेले आहेत, आणि माणसाला जी काही सुटी मिळते ती जनावराच्या खात्यातून उसनी मिळते.

पुरावा हवा असेल तर अहेरी तालुक्यात कमलापूरला जावं. तिथे वनखात्याचा हत्ती कॅम्प आहे. एके काळी जंगलातले ओंडके ओढायला ठेवलेले हे हत्ती आता मुख्यतः स्वतःला पाहू देण्याचं काम करतात. थंडीत त्यांना रीतसर वैद्यकीय रजा मिळते आणि त्या काळात पर्यटकांना मज्जाव असतो. वनौषधींचा लेप चुलीवर शिजतो, माहूत तो गरम गरम लेप कापडाच्या बोळ्याने हत्तीच्या तळव्यांना लावून शेकतो, भेगा नीट भरल्यात का ते वाकून पाहतो. हत्ती एकेक पाय पुढे करून उभा. माहुताच्या तळव्यांना भेगा असतील तर त्याबद्दल कुठे परिपत्रक निघाल्याचं ऐकिवात नाही. बैलाचंही तेच. शरद लागायच्या तोंडावर पोळा येतो. आदल्या दिवशी हळद-लोणी लावून खांदे शेकायचे, जेवायचं रीतसर आवतण द्यायचं, दुसऱ्या दिवशी अंघोळ, झूल, बेगड, पुरणपोळी. बैलाला त्या दिवशी जू नाही. घरातल्या बाईला मात्र पहाटेपासून पुरण वाटायचं असतं. बैलाची सुटी हा तिच्या वर्षातला सगळ्यात कामाचा दिवस.

यावर कुणी म्हणेल, वाघाची सुटी ही खरी सुटीच नव्हे, ती पर्यटकांपासून सुटका आहे. बरोबर आहे. उलट त्या काळातही वाघाचं काम चालूच असतं, आणि ते गाभ्यापुरतं राहत नाही, हीच इथली अडचण आहे. ब्रह्मपुरी, सिंदेवाही, मूल इकडे वाघ धानाच्या बांधीपर्यंत येतो. माणसं मेली आहेत, तेव्हा त्यावर हसण्यासारखं काही नाही. पण याच काळात धान लोंबीवर येतं आणि राखायला रात्री जागलीला जावंच लागतं, कारण रानडुकरांना मंगळवार नसतो. त्यात 2021 च्या ऑक्टोबरात छत्तीसगडकडून रानहत्तींचा कळप गडचिरोलीत दाखल झाला. बदलीचा हुकूम नाही, हजेरीपट नाही, थेट उभ्या पिकात रुजू. म्हणजे जनावर रजेवर असो की कामावर, जागरण माणसालाच.

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे. दिवाळीनंतर झाडीपट्टीत, म्हणजे इथल्या धानपट्ट्यात, जी मंडईच्या जत्रांची आणि नाटकांची धमाल उडते, ती माणसाची सुटी नव्हे काय? नाटक कंपन्यांची कार्यालयं वडशाला. भाऊबीजेपासून होळीपर्यंत गावोगाव रात्रभर नाटकं होतात. परशुराम खुणे यांना 2023 साली पद्मश्री मिळाली ती याच रंगभूमीवरच्या कामासाठी. पण हा थाट मुळात कुणामुळे? दिवसा शंकरपट, म्हणजे बैलांच्या शर्यती, आणि त्यासाठी जमलेल्या पाहुण्यांची रात्र घालवायला नाटक. म्हणजे इथेही मूळ निमित्त बैलच. 2014 साली सर्वोच्च न्यायालयाने शर्यतींवर बंदी आणली तेव्हा पट थांबले; मे 2023 मध्ये त्याच न्यायालयाने शर्यतींना परवानगी देणारा राज्याचा कायदा उचलून धरला. बैलाच्या नोकरीचा खटला दिल्लीपर्यंत जातो, सालगड्याचा तहसीलपर्यंतही जात नाही. मधल्या काळात नाटकं मात्र चालू राहिली, हे आक्षेप घेणाऱ्याच्या बाजूने सांगायला हवं. माणसाने जनावराकडून उसनी घेतलेली सुटी परत करायला साफ नकार दिल्याचं हे एकमेव उदाहरण.

तरी ती सुटी निवांत असते असं समजू नये. गावात नाटक म्हटलं की घरी लेकी-जावई, सोयरे, सोयऱ्यांचे सोयरे. कोंबड्यांची संख्या झपाट्याने घटते, आणि एरवी बिबट्याच्या भीतीने घरात निजणारा कुत्रा पाहुण्यांच्या अंथरुणांमुळे ओसरीवर येतो. नाटकातच कुणाची मुलगी कुणाला दाखवून होते, सोयरिकीचं बोलणं निघतं. पडदा पडेपर्यंत उजाडायला आलेलं असतं, आणि कापणी अर्धी व्हायची असते. घरधनी गोठ्याकडे वळतो, बाई चुलीकडे, पोरं विळे घेऊन बांधीकडे. त्या वेळी घरात जो ताणून झोपलेला दिसेल तो जावई समजावा, त्याला उठवू नये.