कासवाचं गाव अन् बोथ्याचं अस्वल

"काकू, कोठी गायब झाल्त्या? लय दिवसाचं दार बंद!"

"पोराकडे पुन्याले गेल्ती. त्यानं तिथून कोकनात नेलं, वेळासले. कासव पाहाले."

"कासवापायी एवढ्या लांब? आपल्या येळगावच्या धरणात पाह्यले असते!"

"ते नव्हेत वं सुमन, समुद्रातले. ऑलिव्ह रिडले म्हनतात. मादी रातच्याले किनाऱ्यावर येते, वाळूत खड्डा करते, शंभरएक अंडी घालते, बुजवते अन् चालली जाते."

"बाप्पा! अन् लेकरं कोन पाहाते?"

"गाव पाहाते. आधी लोकंच अंडी उकरून न्यायचे, राह्यली ते कोल्ह्या-कुत्र्याइची. २००२ पासून चिपळूनच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेनं काम धरलं, भाऊ काटदरे हायेत त्याइचे. आता गावातलीच मानसं सकाळी मादीचा माग काढतात, अंडी उचलतात अन् कुंपनात तेवढ्याच खोल खड्ड्यात पुरतात. २००६ पासून कासव महोत्सव भरवतात."

"जत्राच म्हना."

"जत्राच, पन पाळन्याबिगर. पिल्लं निघाले पन्नासएक दिवस लागतात. खड्ड्यावर टोपली पालथी ठेवतात, सकाळ-संध्याकाळ उचलून पाहातात. सकाळी उचलली तं खाली नुस्ती वाळू. नातीचं तोंड एवढूसं झालं. संध्याकाळी उचलली तं काळी काळी पिल्लं, तळहातावर मावतीन येवढी! दोरीमागं आमी उभे अन् ते समुद्राकडे खुरडत निघाले. एक मधातच उलटं फिरलं, तं आमच्यातला एक ढेरपोट्या 'तिकडं, तिकडं' ओरडू राह्यला. जसं त्याले मराठी येते!"

"राह्यल्या कोठी? लॉजवर?"

"लॉज कायचा! लोकाइच्या घरात. ओटीवर गाद्या, मोदक उकडून देल्ले. नाना फडनविसाचं मूळ गाव ते, पन मानसं येतात कासवासाठी. अन् जेवनाचे पैसे घरवालीच्या हातात. कासव जपलं तं चूल पेटते, हे तिले कोनी सांगा लागत नाई."

"आपल्या ज्ञानगंगेचं काय मंग? २०५ चौरस किलोमीटर अभयारन्य हाय. २०१९ मधे तो पट्टेवाला वाघ नाई का आल्ता? यवतमाळच्या टिपेश्वरातून निघाला, तेलंगनात गेला, १३०० किलोमीटर तुडवून इथं पोचला!"

"स्थळ पाहात फिरला बिचारा. अन् इथं वाघीनच नव्हती!"

"पेपरात फोटो आला त्याचा. माह्या माहेरी बोथ्याकडे काय आलं? रोही तूर खाऊन जातात, भाऊ रातभर मचानावर थाळी बडवते. मोहाच्या दिवसात अस्वलाच्या भेवानं बाया पहाटे येचाले जात नाईत. गाडीवाले येतात, फोटो काढतात, घाट उतरून खामगावाले जेवतात."

"तेच तं म्हनते मी. जेवले तुह्या भावजयीच्या घरी असते, तं भाऊ अस्वलाले शिव्या कमी देता."

"सोपं हाय का काकू? कासव अंडी घालते अन् जाते. अस्वल नाक फोडते. त्याच्यावर टोपली कोन टाकन?"

"रोह्यानं खाल्लेल्या तुरीचे पैसे तं निघतीन! भावाले म्हन, एक खोली सारवून ठेव."

"ठेवाले लावीन. पन आमच्याकडे पिठलं-भाकर भेटन, मोदक नाई. अन् वाघ नाई दिसला तं पैसे वापस नाई, हे आधीच सांगून ठेवा तुमच्या पुन्यावाल्याइले."