टोल माफ, फटफटी नाही

कारंजा-मालेगावच्या शिवारातून समृद्धी महामार्ग जातो. राज्याच्या २०२५ च्या धोरणाने त्यावर विजेच्या मोटारींना टोल माफ केला. योग्यच! वीस लाखांची गाडी घेऊन ज्याचं कंबरडं मोडलं, त्याला सरकारनं हात द्यायला नको?

आमच्या शेतकऱ्याच्या फटफटीला मात्र १५ वर्षं झाली की हवेची काळजी वाहावी लागते: पाच वर्षांचा पर्यावरण कर भरा. नवी का घेत नाही म्हणता? सोयाबीनचा भाव विचारा आधी. बरं, कर भरून समृद्धीवर तरी चढता येईल? छे, दुचाकीला तिथं बंदीच. तिनं खालच्या रस्त्यानं खड्डे चुकवत जावं आणि वरची निर्मळ हवा फुकट खावी. (तिच्यावर अजून कर नाही.)