मलकपेठेत तुर्की : एक प्रवेशिका

तुर्की शिकायला बसलेल्या मलकपेठच्या मराठी माणसाची पहिली समजूत अशी, की अर्धी भाषा आपल्याला येतेच. किताप, द्युन्या, मेय्दान, हाझिर, चाय. हैदराबादेत हयात गेलेल्याला यात शिकायचे काय? एवढ्या भांडवलावर तो 'सध्या तुर्की करतोय' असे चारचौघांत जाहीर करतो. ही घोषणा अभ्यासाचा पहिला टप्पा समजावी. पुष्कळांचा तो शेवटचाही असतो.

दुसरा टप्पा लिपीचा. १९२८ साली अरबी वळणाची लिपी जाऊन २९ अक्षरांची रोमन लिपी आली. ती बहुतेक लिहिल्याप्रमाणेच वाचतात, त्यामुळे देवनागरीवर वाढलेल्याला बरी पडते. टिंब असलेला आणि नसलेला 'आय' ही मात्र दोन वेगळी अक्षरे आहेत, आणि शिकाऊ त्यावरून घरभर कुरकुरतो.

कुरकुरणाऱ्याने दुर्रुशेहवार यांची हकीकत ध्यानात घ्यावी. शेवटचे खलिफा अब्दुलमजीद यांची ही कन्या. १९२४ साली खिलाफत बरखास्त होऊन कुटुंब देशाबाहेर गेले, तेव्हा ती दहा वर्षांची होती. १९३१ साली नीस येथे निजामाचे थोरले चिरंजीव आझम जाह यांच्याशी तिचे लग्न झाले. धाकटे मुअज्जम जाह यांना तिचीच नात्यातली नीलोफर दिली. दोघींच्या नावांचे दवाखाने शहरात आहेत. मलकपेठेत पोर तापाने फणफणले की 'नीलोफरला न्या' असे आजही कोणी तरी सांगतेच. १९४४ साली वडील पॅरिसला वारले. त्यांना इस्तंबुलात माती मिळावी म्हणून मुलीने खटपट केली, पण परवानगी मिळाली नाही. दहा वर्षांनी मदिनेत दफन झाले. देश तर गेलाच, पण लहानपणी गिरवलेली अक्षरेही तिच्या माघारी त्या देशाने टाकून दिली होती. बिनटिंबाच्या आयचे दुःख त्या मानाने सोसण्याजोगे आहे.

व्याकरणाकडे वळावे. क्रियापद शेवटी येते, ही ओळखीची गोष्ट. लिंगभेद नाही : तो, ती, ते या तिघांना मिळून एकच 'ओ'. प्रत्यय मात्र एकामागून एक चिकटतात. एव म्हणजे घर, एव्लेर घरे, एव्लेरिमिझ आमची घरे, एव्लेरिमिझ्दे आमच्या घरांत. 'घरातल्यांनासुद्धा' म्हणणाऱ्याने याने बिचकू नये. घोडे अडते ते स्वरांच्या मेळावर : एवला 'लेर' चालतो, कितापला 'लार'च लागतो. शेजारच्या तेलुगू बिऱ्हाडाला प्रत्ययांच्या असल्या माळा घरच्याच असल्याने त्यांचा मुलगा शिकाऊच्या पुढे निघून जातो. हा अपमान पाठ्यक्रमाचाच भाग होय.

भूतकाळ दोन. डोळ्यांदेखत आला तर 'गेल्दी'. नुसते कानावर आले, तर 'गेल्मिश', म्हणजे आला म्हणे. मराठीला यासाठी एक जादा शब्द लागतो, तुर्कीत तो क्रियापदातच मुरलेला असतो. सरावाला मलकपेठचे रेसकोर्स उत्तम. कोणता घोडा काल लंगडला, कोणता जॉकी रुसला, कोणाच्या साडूला तबेल्यातून काय कळले, हे सारे 'मिश'मध्ये बसते. खिसा रिकामा झाल्याचे वाक्य तेवढे पहिल्या भूतकाळात घालावे.

बोलण्याच्या सरावासाठी तुर्की मालिका सांगतात. घरोघरी त्या उर्दूत भाषांतरित होऊन चालतात, त्यामुळे उर्दू मात्र सुधारते. मूळ आवाज लावायचा म्हटला तर घरातल्यांना कथा कळत नाही आणि रिमोट काढून घेतला जातो. शिकाऊने जेवणे आटोपल्यावर मोबाइलवर, कानाला हेडफोन लावून ऐकावे, आणि कोणी विचारल्यास क्रिकेट पाहतो आहे असे सांगावे.