नऊ खणांचं दळण
(नवउद्योजक, होऊ घातलेले नवउद्योजक आणि त्यांचे दाजी यांच्यासाठी)

धंदा सुरू करायच्या दोन पद्धती आहेत. पहिली, धंदा सुरू करणे. ही पद्धत जुनी असून तिच्यात पैसे जातात. दुसरी, धंद्याचा कॅनव्हास भरणे. हिच्यात नुसते रविवार जातात. प्रस्तुत लेखकाने मेहुण्याच्या भागीदारीत दोन वर्षं दुसऱ्या पद्धतीचा कसून अभ्यास केला आहे. बँकेच्या कर्जविभागात तीस वर्षं लोकांच्या धंद्यांचे कागद तपासल्यामुळे आपल्याला यातलं कळतं, असा त्याचा समज होता, हेही इथेच नोंदवलेलं बरं.

साहित्य : मोठा कागद, भिंत, चार रंगांच्या चिकटणाऱ्या चिठ्ठ्या, स्केचपेनं, चहा आणि मेहुणा. मेहुणा आयटीतला घ्यावा. नोकरी सोडलेला नको. सोडतो-सोडतो म्हणणारा घ्यावा, म्हणजे चिठ्ठ्यांचा खर्च त्याच्या पगारातून निघतो. भिंत शक्यतो दुसऱ्याच्या घरातली असावी. आम्ही आमच्या दिवाणखान्यातली, कालनिर्णयाशेजारची घेतली आणि पहिल्याच महिन्यात चिकटपट्टीबरोबर तळहाताएवढा रंग निघून आला. त्यावर सौभाग्यवतींनी मांडलेले विचार या मार्गदर्शिकेच्या कक्षेबाहेरचे आहेत.

शास्त्रीय पार्श्वभूमी : अलेक्झांडर ऑस्टरवाल्डर नावाच्या स्विस गृहस्थांनी लोझान विद्यापीठात ईव्ह पिन्यूर यांच्या हाताखाली धंद्याच्या रचनेवर प्रबंध लिहिला, तो २००४ साली. त्यातून पुढे हा कॅनव्हास, म्हणजे आपला तक्ता, निघाला आणि २०१० मध्ये दोघांचं ‘बिझनेस मॉडेल जनरेशन’ हे पुस्तक आलं. त्याला ४५ देशांतल्या ४७० जणांनी हातभार लावला होता. आमच्या सोसायटीत सोळा सभासद आहेत आणि मागच्या सभेचं इतिवृत्त अजून मंजूर झालेलं नाही.

तक्ता सोपा आहे. मिसळणाच्या डब्यात सात वाट्या असतात, इथे नऊ खण. कागद आडवा धरायचा. उजव्या टोकाला गिऱ्हाईक. मधोमध, आपण त्याला नेमकं काय देणार ते. या दोहोंच्या मध्ये वर गिऱ्हाइकाशी नातं आणि खाली माल पोचवायची वाट. डावीकडे आपली कामं, आपली साधनं आणि अगदी टोकाला साथीदार. तळाला दोन लांबट खण : डावा खर्चाचा, उजवा मिळकतीचा. थोडक्यात, डावीकडे घाम, उजवीकडे गिऱ्हाईक आणि तळाला हिशेब. झालं. एवढं समजायला मला वीस मिनिटं लागली, पुढची दोन वर्षं कशाला लागली ते आता सांगतो.

आमचा धंदा दळणाचा. घरून धान्य उचलायचं, गिरणीतून दळून आणायचं, पीठ घरपोच द्यायचं. ही कल्पना मेहुण्याला सुचली ती त्याच्या ताईने त्याला डबा घेऊन गिरणीत पिटाळलं तेव्हा. “दाजी, हा खरा पेन पॉइंट आहे,” डबा खांद्यावरून उतरवत तो म्हणाला. पेन कुठे होतंय ते तो दुसऱ्या हाताने चोळतच होता.

नियम पहिला. गिऱ्हाइकाच्या खणात ‘सगळे’ असं लिहू नये. आम्ही लिहिलं होतं. पोळी कोण खात नाही? मग सौ.ने भाजी निवडता निवडता विचारलं, “घरघंटी आहे ते कशाला देतील?” एक चिठ्ठी काढली. “आणि पिशवीतला आटा आणणारे?” दुसरी काढली. “तिसऱ्या मजल्यावरच्या आजी देतील. त्यांना डबा उचलवत नाही.” आम्ही आजींची चिठ्ठी लावली. मेहुण्याने तिच्यावर ‘सीनियर सेगमेंट’ लिहिलं. आजींना ॲप उघडता येत नाही हे लक्षात आल्यावर त्याने आजींची चिठ्ठी काढली, ॲपची ठेवली.

नियम दुसरा. मधल्या खणात वस्तूचं नाव लिहायचं नसतं, गिऱ्हाइकाची अडचण कशी सुटते ते लिहायचं असतं. आम्ही ‘ताजं पीठ’ लिहून मोकळे झालो. पण दळण दुसऱ्याच्या हाती देताना बायका काय विचारतात ते ऐका. माझा लोकवन मलाच परत मिळेल ना, की कुणाचा तरी भुसकट गहू येईल? माझ्या आधी बाजरी दळली होती का? उपवासाच्या भाजणीच्या आधी गहू घातला असेल तर ती भाजणी काय कामाची? लाडवाचं बेसन रवाळ हवं, ते कोण सांगणार? पाच किलो दिले तर घट किती? म्हणजे विकायचं होतं ते पीठ नव्हतंच, भरवसा होता. हे मी त्या वेळी मोठ्या आवाजात म्हणालो असतो तर बरं झालं असतं. मी म्हणालो, “ताजं पीठ हिरव्या चिठ्ठीवर लिही, उठून दिसेल.”

नियम तिसरा. मुंबईच्या डबेवाल्यांचं उदाहरण देऊ नये.

नियम चौथा, आणि हा वहीत उतरवून घ्यावा : तळाचे दोन खण आधी भरावेत. पाच किलो दळण, किलोला आठ रुपये, गिरणीचे झाले चाळीस. गिऱ्हाईक वर वीस देईल, त्याहून एक रुपया जास्त देणार नाही. हे मी घरात विचारून सांगतोय. म्हणजे आले साठ. पोऱ्या दोनदा जाणार, एकदा डबा उचलायला, एकदा पोचवायला. खेपेला पंचवीस धरा, पन्नास. एकूण खर्च नव्वद. दर दळणामागे तीस रुपयांचा खड्डा. ही बेरीज पहिल्याच रविवारी, चहा निवायच्या आत झाली होती. असा कागद कुणी माझ्या टेबलावर आणला असता तर मी पेनाचं टोपणसुद्धा काढलं नसतं. मेहुणा म्हणाला, “दाजी, स्केल झालं की होईल.” मी बँकेतला माणूस. तिसाला हजाराने गुणलं की तीस हजार होतात हे मला कळतं. तरी मी मान डोलावली, कारण रविवारची सकाळ होती, पोरगा उत्साहात होता आणि निवृत्तीनंतर माझं मत कुणीतरी वहीत लिहून घेत होतं.

आता नीट वाचा. तक्त्याने आपलं काम पहिल्या दिवशी केलं होतं. उरलेले ऐंशीएक रविवार आम्ही बाकीचे सात खण भरले, ते खालचे दोन वाचायला लागू नयेत म्हणून.

अधूनमधून आम्ही शहाणेही झालो, नाही असं नाही. एका सोसायटीचा एक वार ठरवायचा, वीस डबे एकदम उचलायचे, टेम्पो चारशेत. डब्यामागे वीस. साठातून चाळीस गेले, वीस गेले, उरलं शून्य. शून्य आल्याच्या आनंदात आम्ही भेळ मागवली. गिरणीवाल्याने एकगठ्ठा दळणाला किलोमागे एक रुपया सोडला तर डब्यामागे पाच रुपये सुटतात, हेही कागदावर निघालं. म्हणजे धंदा होता! बारीक होता, पण होता. फक्त त्यासाठी गिरणीवाल्याशी बोलावं लागणार होतं. तो विषय पुढच्या रविवारी घ्यायचं ठरलं.

नियम पाचवा. एका तक्त्याचा कंटाळा आला की दुसरा घ्यावा. ॲश मौर्य यांचा ‘लीन कॅनव्हास’ आहे. त्यात साथीदार, कामं, साधनं आणि नातं हे चार खण काढून तिथे अडचण, उपाय, मोजमाप आणि दुसऱ्याला सहज उचलता येणार नाही असं आपलं बळ, हे घातलंय. सुरुवात करणाऱ्याला तो जास्त नेमका पडतो, हे खरं. आम्हाला आवडला तो साथीदारांचा खण गेल्यामुळे. गिरणीवाल्याचा प्रश्न आपोआप मिटला.

उरलेले नियम किरकोळ आहेत. एका चिठ्ठीवर एकच गोष्ट. अक्षर मोठं. ‘नातं’ या खणात ‘प्रेमाचं’ लिहू नये. तक्त्याचे फोटो काढून नातेवाइकांच्या ग्रुपवर टाकू नयेत. साताऱ्याहून सासऱ्यांचा फोन येतो आणि तो मेहुण्याला येत नाही.

एक नियम मात्र आम्ही अक्षरशः पाळला. स्टीव्ह ब्लँक म्हणून अमेरिकेतले जाणते उद्योजक-शिक्षक आहेत. त्यांचं सांगणं असं की तक्त्यातली प्रत्येक चिठ्ठी हा नुसता अंदाज असतो. खरंखोटं करायचं तर उठा, इमारतीबाहेर पडा, गिऱ्हाइकाला भेटा. मेहुण्याला हे फार पटलं. त्याने ‘इमारतीबाहेर पडा’ असं गुलाबी चिठ्ठीवर लिहून भिंतीला लावलं. पावसाळाभर ती चिठ्ठी तिथे होती.

आम्ही बाहेर पडलो ते सौ.मुळे. गेल्या रविवारी तिने आमचा डबा पुढ्यात आदळला, त्यावर आजींचा ठेवला आणि म्हणाली, “गुरुवारी लाइट नव्हते, पीठ संपलंय. उठा दोघंही.” गिरणीत ही गर्दी. आमच्या पहिल्या तक्त्यावर हा गिरणीवाला दोन वर्षं ‘की पार्टनर’ म्हणून चिकटलेला होता, पिवळ्या चिठ्ठीवर, अधोरेखित. त्याला ते माहीत नव्हतं. मेहुणा पुढे झाला, घसा खाकरला, पण पट्ट्याच्या आवाजात ‘असोसिएशन’ हा शब्द काही पोचला नाही.

“काय आहे?” गिरणीवाला ओरडला.

“गहू,” मेहुणा म्हणाला.

“कुणाचे?”

“एक ताईचा. एक आजींचा.”

नावं लिहायचे कागद संपले होते. मेहुण्याने खिशातून गड्डी काढली आणि दोन पिवळ्या चिठ्ठ्या पुढे केल्या. गिरणीवाल्याने त्यांवर नावं लिहिली, पाच किलो लिहिलं, आजींच्या नावापुढे ‘बारीक’ लिहिलं. आजींना बारीक लागतं हे त्याला आम्ही सांगितलं नव्हतं. मग त्याने चिठ्ठी डब्यावर दाबली. ती पडली. पुन्हा दाबली, पुन्हा पडली. डब्यावर पिठाचा थर होता. त्याने ती उलटीसुलटी करून पाहिली, झाकणाखाली खोचली आणि म्हणाला, “तासाभराने या. आणि त्या आजींचा डबा नेताना माझी एक पिशवी पण त्यांच्याकडे पोचवा, जमेल का?”

मेहुण्याने माझ्याकडे पाहिलं. “दाजी,” तो हळूच म्हणाला, “किती घ्यायचे?”