अप्पांची झडती

सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर कुणी ‘आय ॲम सर्चिंग माय मदर-इन-लॉ, प्लीज हेल्प’ असं लिहिलं की बाकीचे घाबरून खाली धावतात. अप्पा चष्मा पुसून टाइप करायला बसतात. सासूबाई बी विंगमध्ये कुणाकडे तरी हळदीकुंकवाला रमलेल्या असतात, त्या सापडतात. मग अप्पांचा मेसेज येतो : ‘सर्च’पुढे ‘फॉर’ नसेल तर अर्थ होतो झडती घेणे. जावयाने सासूबाईंची झडती घेणे प्रशस्त दिसत नाही. ‘लुकिंग फॉर’ लिहावे.

चुकीचं काहीच नाही हो त्यात. तेच तर दुखणं आहे. अप्पा नेहमी बरोबर असतात.

डोंबिवली, ठाणे, पार्ले, कोथरूड, कुठेही जा. दर दोन-तीन इमारतींमागे एक अप्पा असतातच. बँकेतून नाहीतर एखाद्या सरकारी कचेरीतून निवृत्त, तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालेवर वाढलेले, रेन अँड मार्टिन कोळून प्यायलेले. काळ, प्रयोग, विरामचिन्हं सगळं शिकून झालं, पण नोकरीभर एका गोष्टीने त्यांना छळलं, ती म्हणजे फ्रेझल व्हर्ब. ‘लुक’ म्हणजे पाहणे, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक. पण त्याला ‘फॉर’ चिकटला की शोधणे, ‘अप’ चिकटला की डिक्शनरीत बघणे, ‘इन्टू’ चिकटला की चौकशी करणे आणि ‘आफ्टर’ चिकटला की सांभाळणे. शिवाय ‘लुक इट अप’ चालतं, ‘लुक इट फॉर’ चालत नाही. का, ते विचारायचं नाही. खुद्द सॅम्युअल जॉन्सनने १७५५च्या आपल्या कोशाच्या प्रस्तावनेत परक्यांना या प्रकाराचा फार त्रास होतो, असं लिहून ठेवलंय. हे सांगताना अप्पांच्या चेहऱ्यावर कबुलीजबाब मिळवलेल्या फौजदाराचं समाधान असतं. ‘फ्रेझल व्हर्ब’ हे नाव छापील स्वरूपात आणलं ते लोगन पिअरसाल स्मिथने, १९२५ साली. ‘तोपर्यंत लोक बिननावाच्या आजाराने हैराण होते,’ इति अप्पा.

निवृत्तीनंतर त्यांनी या आजारावर उपचार सुरू केले. दुसऱ्यांवर.

एकदा लग्नाच्या बोलणीत मध्यस्थ म्हणून त्यांना नेलं होतं. मुलाकडची मंडळी नागपूरची, अमेरिकेत मुलगा वगैरे. त्यांच्यावर छाप पाडायला मुलीचे वडील इंग्रजीत शिरले, ‘वी आर लुकिंग आफ्टर अ गुड बॉय.’ अप्पांनी पोह्यांचा चमचा खाली ठेवला. म्हणाले, ‘म्हणजे तुम्ही घरजावई करून घेणार?’ मुलाच्या आईचा हात चहाच्या कपावर थबकला. पुढची पंधरा मिनिटं ‘फॉर’ आणि ‘आफ्टर’मधला फरक समजावण्यात गेली. व्याकरण सगळ्यांना पटलं. लग्न मात्र जमलं नाही.

कट्ट्यावर अप्पा खुलतात, कारण तिथून कुणाला चटकन उठता येत नाही. शोधण्याची इंग्रजी क्रियापदं म्हणजे निम्मी शिकारच आहे, हा त्यांचा आवडता सिद्धांत, आणि तो ऐकण्यासारखा आहे हे कबूल करायला हवं. ‘ट्रॅक डाउन’ म्हणजे पावलांचा माग काढत गाठणं. ‘स्निफ आउट’ म्हणजे हुंगून काढणं. ‘कास्ट अबाउट’ कुणाचं, तर वास हरवल्यावर गोल गोल फिरणाऱ्या शिकारी कुत्र्याचं. ‘रूट अराउंड’ डुकराचं, नाकाडाने जमीन उकरण्याचं. आणि ‘फेरेट आउट’ त्या मुंगसासारख्या लांबोड्या प्राण्याचं, ज्याला इंग्रज शेतकरी सशाच्या बिळात सोडतात. ‘साधी कपाटाची किल्ली शोधायची असली तरी ही जमात मागे कुत्री घेऊन निघते,’ अप्पा म्हणतात.

पण ही सगळी घरगुती, सैल भाषा, ती अर्जात चालत नाही, यावर त्यांचा कटाक्ष. तळमजल्यावरच्या एका बिचाऱ्याने सेक्रेटरींना लिहिलं, ‘प्लीज डिग अप माय शेअर सर्टिफिकेट.’ अप्पांनी नोटीस बोर्डाजवळ त्याला गाठलं. ‘मित्राला लिहिताना डिग अप. कमिटीला लिहिताना लोकेट. आणि लक्षात ठेवा, डिग अप केलं की बरोबर थोडी घाणही वर येते.’ आमच्या कमिटीचा कारभार बघता यात गैर काय, हे त्या माणसाला कळेना.

नोव्हेंबर उजाडला की अप्पांना हयातीचा दाखला द्यायचा असतो आणि घरात पीपीओची, म्हणजे पेन्शनच्या आदेशाच्या कागदाची, शोधाशोध सुरू होते. माई स्टुलावर चढून लोखंडी कपाटाच्या माथ्यावरची बोचकी खाली टाकतात. नातू खालचे खण उपसतो.

‘आजोबा, आय कान्ट फाइंड आउट युवर पीपीओ.’

‘नुसतं फाइंड. वस्तू फाइंड करायची, माहिती फाइंड आउट करायची. पीपीओ कुणी ठेवला, हे फाइंड आउट.’

‘ते मला कधीच फाइंड आउट झालंय,’ माई वरून म्हणतात. ‘तुम्हीच ठेवलात. आता स्टूल धरा.’

अप्पा स्टूल न धरता पुरावा आणायला जातात. पुरावा म्हणजे हॉर्नबीचा कोश. सबंध जग ज्याच्यावर इंग्रजी शिकलं, तो कोश पहिल्यांदा छापला गेला १९४२ साली टोकियोत, ऐन युद्धात, म्हणजे इंग्रजांच्या शत्रूच्या राजधानीत, हेही जाता जाता सांगून होतं. ते ‘एफ’ उघडतात आणि आतून पीपीओ घरंगळून जमिनीवर पडतो. माई उतरतात, तो उचलतात, पिशवीत घालतात. अप्पा ‘फाइंड आउट’ची तिसरी छटा मोठ्याने वाचत असतात.

त्यांना पहिला धक्का गूगलने दिला. २००६मध्ये ऑक्सफर्डच्या मोठ्या कोशाने ‘गूगल’ला क्रियापद म्हणून घरात घेतलं. ‘गूगल इट.’ ना फॉर, ना अप, ना इन्टू! चुकायला जागाच नाही. अप्पा ते क्रियापद वापरत नाहीत.

दुसरा धक्का घरातूनच बसला. लीड्समध्ये जन्मलेली त्यांची नात व्हिडिओ कॉलवर सहज म्हणाली, ‘आजोबा, जस्ट सर्च इट अप.’ सर्च! इट! अप! सासूबाईंची झडती परवडली. ‘बाळा, सर्च फॉर इट, नाहीतर लुक इट अप,’ अप्पा म्हणाले. नात म्हणाली, ‘इथे सगळे असंच म्हणतात.’ तिथली पोरं खरोखरच तसं म्हणतात. अप्पा दोन दिवस कट्ट्यावर आले नाहीत. इंग्रजांचं इंग्रजी बिघडलं तर दाद कुणाकडे मागायची?

त्यांनी दाद मागितली. नातीच्या शाळेच्या मुख्याध्यापिकेला सविस्तर ईमेल लिहिली, जॉन्सनसकट. मुलगी तिथून फोनवर कळवळून ‘अप्पा, प्लीज’ म्हणत राहिली. आठवड्याने एका ओळीचं उत्तर आलं. कुठल्याही कचेरीत असल्या उत्तराचा अर्थ काय होतो, हे बँकेत उभी हयात गेलेल्या माणसाला सांगायला नको.

पण अप्पांनी त्याची प्रिंट काढली. संध्याकाळी कट्ट्यावर प्रत्येकाच्या हातात देऊन वाचायला लावली.

‘वी विल लुक इन्टू इट. बघा, बघा! इन्टू! शाळा चांगली आहे हो.’