कोलो शिकण्यापूर्वी वाचावे

परदेशी लोकनृत्याची बाधा रायपूरकरांना २०१९ च्या डिसेंबरात झाली, असं आमचं निदान आहे. त्या महिन्यात सायन्स कॉलेजच्या मैदानावर राष्ट्रीय आदिवासी नृत्य महोत्सव भरला आणि देशातल्या पथकांबरोबर युगांडा, बेलारूसचीही मंडळी नाचून गेली. २०२१ आणि २०२२ मध्ये तो पुन्हा भरला. २०२२ ला तर मंगोलिया, टोंगा आणि सर्बिया एकाच मांडवाखाली. शाल लपेटून, खुर्चीत बसून, शेंगा सोलत हे सगळं पाहिलं की आठवड्याभरात 'यात काय अवघड आहे' असं वाटू लागतं. हे पहिलं लक्षण. यावर औषध नाही. नाचायचंच तर रीतसर नाचावं, म्हणून ही मार्गदर्शिका.

गट शोधणं कठीण नाही. कॉलनीच्या बागेत सकाळी हास्यक्लब उठला आहे, योगासनवाल्यांनी अजून सतरंज्या पसरलेल्या नाहीत, अशा फटीत चार-सहा माणसं एकमेकांचे हात धरून कडेकडेने सरकताना दिसली, तर तो आंतरराष्ट्रीय लोकनृत्याचा गट समजावा. बाकावर ब्लूटूथ स्पीकर असतो आणि त्याच्याशेजारी एक निवृत्त गृहस्थ. त्यांना 'सर' म्हणावं. कशातले सर, हे विचारू नये. बहुधा सिंचन खात्यातले असतात. प्रवेशपरीक्षा नाही, पण व्हॉट्सअॅप गट आहे, आणि तिथे रोज सुप्रभात पाठवण्याची चिकाटी हीच परीक्षा.

पोशाखाचा मोह टाळावा. सर्बियातल्या, पुढे चोच वळलेल्या चामडी ओपानाक जोड्यांचा फोटो कुणीतरी गटावर टाकतंच. ते जोडे गोल बाजारात मिळत नाहीत. गुडघ्याचे पट्टे मिळतात, ते घ्यावेत.

उभं कुठे राहायचं, यावर मात्र अब्रू अवलंबून आहे. सर्बियाच्या कोलोत, म्हणजे हात धरून नाचायच्या साखळीनृत्यात, रांगेचं उजवं टोक पुढाऱ्याचं. त्याच्या पुढे जाऊन उभं राहणं म्हणजे पंगतीत यजमानाच्या आधी चित्राहुती घालणं. मग शेपटाला उभं राहू, असा विनय अनेकांना सुचतो. तोही नको, तिकडच्या रिवाजात शेवटची जागासुद्धा जाणत्याची असते. नवशिक्याने दोन जाणत्यांच्या मध्ये घुसावं, नाहीतर रांगेच्या मागे एकट्याने पावलं गिरवावीत. मधे घुसताना उजवा-डावा हात कुणाच्या हाती जातो ते पाहून घ्यावं. पार्किंगवरून ज्यांच्याशी बोलणं बंद आहे, नेमके तेच भाऊ शेजारी येतात. हात धरावाच लागतो. बोलण्याची सक्ती नाही.

बल्गेरिया-मॅसेडोनियाकडचं लेस्नोतो लागलं की निम्मा गट गांगरतो, कारण परदेशी गाणं म्हणजे चार मात्रा, ही आपली समजूत. हे सात मात्रांचं असतं: तीन, दोन, दोन. म्हणजे आपला रूपकच की! लहानपणी तबल्याच्या क्लासला बोटांवर पट्टी खाल्लेल्यांचं इथे फावतं. एक लांब पाऊल, दोन आखूड. तोंडाने 'तीं तीं ना, धी ना, धी ना' म्हणत राहावं, पाय मागून येतात. धोका एवढाच की रूपकात समेलाच खाली असते, आणि हे पक्कं ठाऊक असलेले काका प्रत्येक आवर्तनाला खाली दाखवायला हात हवेत उडवतात. तो हात काकूंच्या मुठीत असल्याने काकूही उडतात. खालीचा मान मनातल्या मनात राखावा.

'हे अस्सल आहे का हो?' असं कुणी विचारलं तर चहाचा विषय काढावा. हा छंदच मुळी अमेरिकेत, १९३० च्या दशकात, देशोदेशींहून आलेल्यांचे नाच एका हॉलात गोळा करून वाढलेला. 'मिसिरलू' नावाचा सगळ्यांचा लाडका ग्रीक नाच १९४५ मध्ये पिट्सबर्गच्या एका विद्यापीठात बसवला गेला. सरांना हे सांगू नये.

आता एक इशारा. दिवाळीच्या तोंडावर, सराव रंगात आलेला असताना, फाटकाशी सुआ नाचणाऱ्या बायका येतील. टुकनीत धान, त्यावर मातीचा पोपट, भोवती गोल. स्पीकर नाही, ताशा नाही, टाळ्यांवर सगळं. या नाचाला वर्गणी नाही, व्हॉट्सअॅप गट नाही आणि तो आपण होऊन दारात येतो, त्यामुळे आपल्या लोकांना तो आंतरराष्ट्रीय वाटत नाही. प्रचलित पद्धत अशी: पायरीवर उभं राहावं, व्हिडिओ काढावा, सुपात तांदूळ आणि वर एक नोट द्यावी, फाटक लावावं. नागपूरकर भोसल्यांचे भास्करपंत १७४१ मध्ये फौज घेऊन रतनपूरवर आले, तेव्हापासून मराठी माणूस या मुलखात आहे. पायरी त्याने सहसा सोडलेली नाही.

तरीही एखाद्या वहिनींना राहवलंच नाही, तर चपला काढून पदर खोचावा. कंबरेत वाकून एकदा या बाजूला टाळी, एकदा त्या बाजूला. अर्ध्या जणी ओळ म्हणतात, उरलेल्या ती उचलतात. शब्द येत नसले तरी उचलणाऱ्यांत ओठ हलवता येतात. शेजारी बहुधा तीच असते जी सकाळी आपल्याकडे भांडी घासून गेली. एरवी पाऊल कुठे टाकायचं ते आपण तिला सांगतो, ओल्या फरशीवरून. इथे ती सांगेल, ऐकावं. पुरुषांना या गोलात जागा नाही; त्यांनी फाटक धरावं. अंगात फारच रग असेल तर १८ डिसेंबरला, गुरू घासीदास जयंतीला, पंथी नाचणारी पोरं मांदरच्या तालावर एकमेकांच्या खांद्यांवर चढताना पाहावीत आणि गुपचूप रूपकाकडे परतावं.

मातीच्या पोपटाला पाय लागू देऊ नये. आणि नाचलात म्हणून तांदळात सूट मिळत नाही. गौरा-गौरीच्या, म्हणजे शिव-पार्वतीच्या, लग्नाचा खर्च त्यातूनच निघायचा असतो. उलट नाचून दमवलंत म्हणून थोडे जास्तच मागतील.